एवढंसं चुंबकत्व एवढा मोठा ढग कसं थोपवतं?

ओलितवाला (ता. दारव्हा)
राम राम मंडळी. माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे आणि घरचं पाच एकर वावर. सध्या हरभऱ्याचं ओलित चालू आहे. लाइन रात्रीची, म्हणून मुक्काम वावरातच. परवा पोरगी भावासोबत डबा घेऊन आली. साडेआठ वाजले होते, कृत्तिकांचा झुबका बरोबर डोक्यावर. ती अकरावीला आहे, सायन्सला. जेवता जेवता म्हणाली, "बाबा, ताऱ्यांच्या मधात वायूचे ढग असतात, ते स्वतःच्याच वजनानं आकसतात आणि त्यांचे तारे होतात. आकाशगंगा तर एवढी जुनी. मग सगळे ढग आतापर्यंत संपले काहून नाही?"

मला उत्तर आलं नाही. घरी येऊन वाचलं तर लिहिलं होतं, ढगातलं चुंबकीय क्षेत्र या आकसण्याला आडवं येतं. पण पुढचा आकडा वाचला आणि मी अडलो. तिथलं क्षेत्र पाच-दहा मायक्रोगॉस (गॉस हे क्षेत्राच्या ताकदीचं माप, मायक्रोगॉस म्हणजे त्याचा दहा लाखावा भाग). आपल्या पृथ्वीचं अर्ध्या गॉसच्या आतबाहेर. म्हणजे होकायंत्राची सुई फिरवणाऱ्या क्षेत्राच्याही पन्नास हजार ते लाख पट कमी! बावीस वर्षं माझे हात स्टेटर-रोटरमध्ये आहेत. चुंबक काय करू शकतं आणि काय नाही, हे मला हातानं माहीत आहे. एवढंसं क्षेत्र शेकडो सूर्यांच्या वजनाचा ढग कसं थोपवणार? कोणी समजावून सांगा. पोरीला नीट सांगायचं आहे.

सरकी_रुई (आर्वी)
भाऊ, पोरीले माझ्याकडून एक पेन बक्षीस. असा प्रश्न मले बी.एस्सी. होऊनही नाई पडला.

निवृत्त_मास्तर (मेहकर)
ओलितवाले, मुलीचा प्रश्न किती मोठा आहे ते आधी सांगतो. आपल्या आकाशगंगेत रेणूंच्या थंड ढगांमधला वायू साधारण शंभर कोटी सूर्यांच्या वजनाचा आहे. त्याला कोणीच अडवलं नाही, तर असा ढग काही दशलक्ष वर्षांत कोसळतो. भागाकार करा. वर्षाला दोनेकशे सूर्यांइतके तारे जन्मायला हवेत. प्रत्यक्षात जन्मतात ते एक-दोन सूर्यांइतके. शंभर पटीचा फरक आहे. १९७० च्या दशकापासून हा फरक शास्त्रज्ञांना छळतो आहे, आणि तुमच्या मुलीनं तो हरभऱ्याच्या धुऱ्यावर बसून पकडला.

आता तुमची शंका. तुम्ही चुंबकाची तुलना चुंबकाशी केली. ती ढगाशी करायला हवी. आपण श्वास घेतो त्या हवेत एका घनसेंटिमीटरमध्ये २५ वर १८ शून्यं एवढे रेणू असतात. ढगात तेवढ्याच जागेत हजारभर. तापमान उणे २६३ अंश. एवढ्या विरळ आणि एवढ्या गार वायूचा स्वतःचा दाब तो किती असणार? मी वहीवर गणित मांडलं. १० मायक्रोगॉसच्या क्षेत्राचा दाब अशा वायूच्या उष्णतेच्या दाबापेक्षा जवळजवळ तिप्पट येतो. क्षेत्र कमजोर आहे, पण समोरचा वायू त्याहून कमजोर. आणि हे क्षेत्र कित्येक प्रकाशवर्षं लांबीरुंदीत भरलेलं आहे. तुमचं दुकानातलं चुंबक बोटभर अंतरावर मंदावतं.

गावरान_शंकासूर
मास्तर, दाबाचं पटलं. पण चुंबक लोखंडाले ओढते. ढगात सगळा हायड्रोजन. हायड्रोजनले चुंबक काहून धरीन? माझ्या घरचं सिलिंडर तर चुंबकाले चिकटते, आतला गॅस नाई चिकटत.

सरकी_रुई (आर्वी)
शंकासूर भाऊ, म्या जिनिंगवर सोळा वर्षं काढली, माझ्या भाषेत सांगून पाहतो. चुकलो तर मास्तर कान धरतीन.

हायड्रोजनच्या रेणूले चुंबक धरत नाई, हे तुमचं खरं. पण ढगात विश्वकिरण, म्हंजे अवकाशातून लई जोरात येणारे कण, शिरतात आन् एखाद्या रेणूचा इलेक्ट्रॉन उडवून टाकतात. उरते तो आयन, त्याच्यावर विद्युतभार. भारवाला कण चुंबकीय रेषेभोवती गिरक्या घेत राहते, रेषा सोडून आडवा जाऊ शकत नाई. दाट ढगात असे कण कोटीत एखादा. पण बाकीचे रेणू त्याच्यावर येऊन आदळतात आन् अडतात. म्हणजे चुंबक धरते एकाले, आन् तो एक अडवते कोटीले.

आता जिन पाहा. रोलर रुई ओढते, मधात सुरी असते. सरकी सुरीवर अडते, रुई मात्र सरकून पलीकडं जाते. ढगाचंही तसंच. गुरुत्वाकर्षण रोलर, आयन म्हणजे सरकी, साधे रेणू म्हणजे रुई. रेणू आयनांच्या मधातून हळूहळू निसटतात आन् मध्यभागी गोळा होतात. चुंबकीय रेषा आयनांसंग मागं राहतात. मेस्टेल आन् स्पिट्झर यायनं १९५६ मधी ही गोष्ट मांडली. म्हणून तारे होतात, पण सावकाश होतात.

गावरान_शंकासूर
आता डोक्यात घुसलं. कापसाच्या गावात कापसाचीच उपमा पाहिजे.

धूळ_आणि_धुके
मी मूळची घाटंजीकडची. याच विषयावर संशोधन करते आहे, धूळ आणि ध्रुवण. धागा वाचून इतका आनंद झाला की जेवण राहिलं. सरकी_रुई दादा, तुमची उपमा मी माझ्या पुढच्या सेमिनारमध्ये वापरणार आहे, परवानगी द्या. फक्त एक भर घालते. जिनमध्ये सरकी जागेवरच राहते. ढगात आयनही आत ओढले जातात, पण रेणूंपेक्षा हळू. म्हणून चुंबकत्व सगळंच मागं राहत नाही, थोडं आतही जातं.

इथं कोणी विचारलं नाही, पण मला सांगायचंच आहे: कुणी कधी तिथं गेलं नाही, मग हे क्षेत्र कळलं कसं?

१९४९ मध्ये हिल्टनर आणि हॉल यांना दिसलं, की धुळीच्या आडून येणारा ताऱ्याचा प्रकाश किंचित ध्रुवित असतो. ध्रुवित म्हणजे प्रकाशाची थरथर सगळ्या दिशांनी सारखी न राहता एका दिशेला जास्त होते. शेकड्यात दोन-तीन भागांचाच हा मामला. कारण निघालं धूळ. मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे कण, लांबट, आणि सगळे एका शिस्तीत उभे. ती शिस्त लावतं चुंबकीय क्षेत्र.

इथं बहुतेक जण चुकतात. शाळेत कागदावर लोहकीस टाकून चुंबक फिरवतो, तेव्हा कीस रेषांच्या लांबीत पडतो. अवकाशातले कण उलटे. ते गरगर फिरत असतात आणि त्यांची लांब बाजू क्षेत्राला आडवी राहते. म्हणून आड आलेल्या धुळीतून गाळून येणारा प्रकाश क्षेत्राच्या दिशेत ध्रुवित दिसतो, आणि तीच धूळ स्वतः जे अवरक्त किरण सोडते ते क्षेत्राला काटकोनात ध्रुवित असतात. वर्षभर मी स्वतः हे उलटसुलट करत होते.

दिशा कळली, ताकद कशी कळणार? १९५३ मध्ये चंद्रशेखर आणि फर्मी यांनी साधी युक्ती काढली. ताणलेली तार छेडली तर कमी हलते, सैल तार जास्त. वायूची खळबळ किती आहे ते वर्णपटावरून कळतं. त्या खळबळीत रेषा किती वाकड्यातिकड्या झाल्या ते ध्रुवणावरून. रेषा फारशा वाकल्या नसतील तर तार घट्ट, म्हणजे क्षेत्र जोरदार.

सूत_कातणारी (सेवाग्राम रोड)
चंद्रशेखर म्हणजे सी. व्ही. रामन यांचे पुतणे ना? रामन १९१० मध्ये नागपूरला अकाउंट्स खात्यात नोकरीला होते. काका आमच्या नागपुरात राहून गेले, म्हणजे पुतण्यावर आमचा थोडा हक्क पोहोचतो.

आणि तारेचं अगदी पटलं. चरख्यावर सूत सैल पडलं की हाताला लगेच कळतं.

निवृत्त_मास्तर (मेहकर)
मोजण्याची आणखी एक रीत सांगतो, मला ती सगळ्यात सुंदर वाटते. १८९६ मध्ये झेमान यांनी दाखवलं की चुंबकीय क्षेत्रात वर्णपटाची रेघ फाटते. हायड्रोजन १४२ कोटी हर्ट्‌झला रेडिओ लहर सोडतो. एक मायक्रोगॉस क्षेत्र असेल तर ही रेघ किती फाटते? २.८ हर्ट्‌झ. १४२ कोटीत पावणेतीन! १९६८ मध्ये व्हर्सूर यांनी आंतरतारकीय वायूत हे पहिल्यांदा मोजलं. मी वर्गात हा आकडा फळ्यावर लिहायचो आणि दोन मिनिटं गप्प उभा राहायचो.

संत्री_मोर्शी
चुंबकाचा विषय निघालाच आहे तर विचारतो. आमच्याकडं एक जण पाइपावर बसवायचं चुंबक विकून गेला. म्हणे पाणी चुंबकित होते, खारेपणा जातो, संत्र्याची गळ थांबते. सहा हजार दिले. गळ होती तशीच आहे. यात काही तथ्य?

ओलितवाला (ता. दारव्हा)
संत्रीभाऊ, माझ्याकडंही तीन जण ते घेऊन आले होते. विरघळलेला क्षार चुंबकानं पाण्याबाहेर निघत नाही. चुंबकाआधी आणि चुंबकानंतरच्या पाण्याचे दोन नमुने माती-पाणी तपासणीत देऊन पाहा, आकडा सारखाच येईल. सहा हजारांत दोन ट्रॉल्या शेणखत आलं असतं. वाईट वाटतं.

वावटळ (अमरावती)
आता मी थोडा विरोध करतो, राग मानू नका. सरकी-रुईचं चित्र देखणं आहे, पण तेवढ्यानं भागत नाही. त्या चित्रात ढग कित्येक दशलक्ष वर्षं चुंबकाच्या आधारानं शांत बसून असतो आणि रेणू हळूहळू झिरपतात. खरे ढग शांत नसतातच. त्यांच्यात आवाजाच्या वेगाच्या कित्येक पट वेगानं वायू घुसळतो. ही खळबळच ढगाला फुगवते, आणि जिथं दोन प्रवाह आदळतात तिथं दाट गाठी तयार करते.

दुसरं, मोजमाप. क्रचर यांनी २०१० मध्ये झेमान पद्धतीची सगळी मापं एकत्र मांडली. घनसेंटिमीटरला ३०० कणांपर्यंत क्षेत्र वाढतच नाही, दहाएक मायक्रोगॉसवर राहतं. त्यापुढं घनतेसोबत वाढत जातं. आणि दाट गाभ्यांमध्ये, म्हणजे ज्या गाठींतून पुढं तारे होतात तिथं, बहुतेक ठिकाणी गुरुत्वाकर्षण आधीच जिंकलेलं दिसतं. मग चुंबकानं अडवलं कुठं? वृषभेतल्या एल१५४४ या गाभ्याभोवतीचं क्षेत्र चीनच्या ५०० मीटरच्या फास्ट दुर्बिणीनं मोजलं, २०२२ मध्ये निष्कर्ष आला. फक्त चार मायक्रोगॉसच्या आसपास. म्हणजे निसटणं जुन्या हिशेबापेक्षा फार आधी उरकलं होतं.

सरकी_रुई (आर्वी)
वावटळ भाऊ, राग कायचा! उपमा माझी व्हती, ढग कोणाचाच नाई. पण मंग चुंबकाचं काहीच काम नाई म्हणता का?

वावटळ (अमरावती)
नाही नाही, काम आहे. एकट्याचं नाही एवढंच म्हणतो. खळबळ, चुंबक आणि नव्या ताऱ्यांचे स्वतःचे झोत व वारे, तिघं मिळून ढग सावकाश चालवतात. कोणाचा वाटा किती, यावर भांडण आहे.

धूळ_आणि_धुके
वावटळ सरांचं म्हणणं आज बहुतेकांना मान्य आहे. पण झेमान पद्धतीत क्षेत्राचा आपल्याकडं येणारा भागच मोजला जातो, आडवा भाग सुटतो. एखादा गाभा अशक्त दिसला तरी त्याचं क्षेत्र आडवं पसरलेलं असू शकतं. म्हणून एका गाभ्यावरून मी निकाल देणार नाही.

आणि ओलितवाले काका, तुमच्या वावरातूनच दिसणारी एक जागा सांगते. कृत्तिकांपासून रोहिणीकडं आणि त्याच्या जरा उत्तरेला पाहा. तिथं तारे थोडे विरळ वाटतात. तिथं साडेचारशे प्रकाशवर्षांवर वृषभेचा काळा ढग आहे. २००९ मध्ये सोडलेल्या हर्शेल दुर्बिणीनं त्यात एक लांबच लांब दाट धागा टिपला. त्याच्या दोन्ही बाजूंना बारीक रेघा, आणि त्या मुख्य धाग्याला येऊन मिळतात. ध्रुवणावरून क्षेत्र पाहिलं तर बारीक रेघा क्षेत्राच्या दिशेत, आणि मुख्य धागा क्षेत्राला आडवा. मला आमचं वावर आठवलं. पाऊस झाला की पाणी सरीसरीनं धावतं आणि धुऱ्याकडच्या नाल्याला मिळतं. सरी पाणी अडवत नाही, वाट दाखवते. सरी ओलांडून जायला मात्र पाण्याला जोर लागतो. वायूही रेषांच्या लांबीत सहज वाहतो, आडवा जायला अडखळतो.

प्लांक उपग्रहानं जवळच्या कित्येक ढगांत हेच दाखवलं. विरळ भागात वायूच्या रेघा क्षेत्राला समांतर, दाट भागात आडव्या. ती चित्रं पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

गावरान_शंकासूर
ताई, तुमची शेती सुटली नाई, वर नेली तुमी.

मेळघाटातून
खगोलातलं मला कमी कळतं, पण तो ढग पाहायचा असेल तर इकडं या. आमच्या गावात अमावस्येला आकाशगंगेच्या मधली काळी चिरफाळी साध्या डोळ्यांनी दिसते. ते काळे पट्टे म्हणजे ताऱ्यांची उणीव नाही, मधात धूळ आहे, हे मला मागच्या वर्षी समजलं. माझी आजी सप्तर्षीला खाटलं म्हणायची. गोंड शेजारी मृगाला नांगर म्हणतात. त्या नांगराच्या खाली जो धुरकट डाग आहे तिथं तारे जन्मतात ना?

निवृत्त_मास्तर (मेहकर)
होय, तोच मृगातला तेजोमेघ, सुमारे १३५० प्रकाशवर्षांवर. तिथं तारे जन्मताहेत.

चुंबकाचं आणखी एक काम राहून गेलं, आणि माझ्या मते ते सर्वांत भरवशाचं. ढगाचा गाभा आधीच मंद फिरत असतो. आकसला की फिरणं वाढतं, भोवऱ्यासारखं. सगळी फिरकी तशीच राहिली तर तारा होण्याआधीच वायू बाहेर फेकला जाईल. जुन्या खळ्यातली पात आठवा. मधात तिवडा म्हणजे खांब, तिवड्याला दोर, दोराला बैल. ढगात आतल्या गाभ्यापासून बाहेरच्या वायूपर्यंत चुंबकीय रेषांचे असे दोर गेलेले असतात. आतला गाभा जोरात फिरू लागला की दोर पिळतो आणि ती फिरकी बाहेरच्या जड वायूकडं जाते. आत ब्रेक लागतो. संगणकावर साध्या नियमांनी हे चालवून पाहिलं तर ब्रेक इतका जबर लागतो की ताऱ्याभोवती फिरणाऱ्या वायू-धुळीची चकतीच उरत नाही. चकती नाही तर ग्रह नाहीत. प्रत्यक्षात तर चकत्या दिसतात. तिथं पुन्हा सरकी_रुई यांचं निसटणं कामी येतं. आतल्या दाट भागात क्षेत्राची पकड सुटते आणि चकती वाचते.

ओलितवाला (ता. दारव्हा)
काल रात्रभर हा धागा वाचला. मोटार चालू होती आणि मी मोबाइलच्या उजेडात. एक सांगतो, बरोबर की चूक ते धुळेताई सांगतील. नाव माहीत नाही म्हणून धुळेताई म्हणतो.

इंडक्शन मोटारच्या रोटरमध्ये चुंबक नसतं आणि वायरही जोडलेली नसते. नुसते अ‍ॅल्युमिनियमचे दांडे, दोन्ही टोकांना रिंगेनं जोडलेले. बाहेरचं क्षेत्र बदललं की दांड्यांत करंट आपोआप उठतो आणि बदलाला विरोध करतो. मोटार फिरते ती यावरच. मी हे रोज पाहतो. मग ढगातला भारवाला वायू म्हणजे असाच शॉर्ट केलेला रोटर नाही का? तो हलला, आकसला की त्याच्यात करंट उठत असेल आणि तो क्षेत्राला जागचं हलू देत नसेल. म्हणूनच वायू आणि रेषा एकमेकांना धरून राहतात. पहिल्या दिवशी मी ढगाला लोखंड समजत होतो. ढग तांब्यासारखा आहे. तांब्याला चुंबक चिकटत नाही, पण तांब्याच्या पाइपात चुंबक सोडलं तर ते हळूच खाली येतं.

धूळ_आणि_धुके
काका, बरोबर. अगदी बरोबर. आम्ही याला क्षेत्र वायूत गोठणं म्हणतो आणि पुस्तकात त्यासाठी चार पानं समीकरणं असतात. तुमच्या दांड्यांना थोडा रोध असतो, म्हणून करंट विझतो. ढग इतका अवाढव्य, की तेवढ्या कारणानं करंट विझायला विश्वाचं वयही पुरत नाही. म्हणून पकड सुटते ती निसटण्यानं. धुळेताई हे नाव मला आवडलं.

एक गंमत करा. जुन्या बिघडलेल्या कॅल्क्युलेटरच्या काचेवर एक काळसर पापुद्रा असतो, प्रकाशाची एकाच दिशेची थरथर पलीकडं सोडणारा, तो मुलीला जपून काढायला सांगा. सूर्य मावळताना डोक्यावरचं निळं आकाश त्यातून पाहायचं आणि पापुद्रा फिरवायचा.

ओलितवाला (ता. दारव्हा)
नमस्कार. मी बाबांच्या खात्यावरून लिहिते आहे, मीच ती प्रश्न विचारणारी. दुकानातल्या जुन्या कॅल्क्युलेटरचा पापुद्रा निघाला, एक कोपरा फाटला. सहा वाजता गच्चीवरून पाहिलं. फिरवला की डोक्यावरचं आकाश गडद होतं, आणखी फिरवला की पुन्हा उजळ. मावळतीकडं पाहिलं तर फारसा फरक पडत नाही. आईलाही दाखवलं. नंतर रोहिणीकडं पाहिलं, काहीच फरक नाही. शेकड्यात दोन-तीन भाग डोळ्याला कळणार नाहीत ना?

धागा पूर्ण वाचला. ढग का संपले नाहीत ते समजलं. पण आता दुसराच प्रश्न पडला. ढग आकसला आणि रेषाही सोबत आल्या, तर तारा होईपर्यंत त्या खूप दाटायला पाहिजेत. मग सूर्य भयंकर मोठं चुंबक काहून नाही?

निवृत्त_मास्तर (मेहकर)
बाळ, मी आज दिवसभर हा प्रश्न मोठ्यानं वाचतो आहे.

धूळ_आणि_धुके
डोळ्याला नाही कळणार, बरोबर. त्यासाठी दुर्बिणीला ध्रुवणमापक लावतो. आपल्याकडं नैनितालला १०४ सेंटिमीटरच्या दुर्बिणीवर असं काम झालं आहे.

आणि तुझा प्रश्न. सगळ्या रेषा सोबत आल्या असत्या तर नव्या ताऱ्यावर कोट्यवधी गॉसचं क्षेत्र असतं. प्रत्यक्षात तान्ह्या ताऱ्यांवर हजार-दोन हजार गॉस मोजले जातात. म्हणजे वाटेत जवळजवळ सगळंच चुंबकत्व सुटलं. काही गाभा बनतानाच निसटलं, काही चकतीत, जिथं वायू इतका दाट आणि थंड की आयन जवळजवळ उरतच नाहीत. नेमकं कुठं किती सुटलं, त्यावरच माझी सध्याची वही भरते आहे. बारावी झाली की मला निरोप पाठव, वही दाखवते.

ओलितवाला (ता. दारव्हा)
बाप लिहितो आहे. पोरगी झोपली. पापुद्र्याचा तुकडा कंपासमध्ये ठेवला आहे. सव्वाबाराला लाइन आली, मोटार चालू केली. आता पाणी तिसऱ्या सरीत आहे आणि रोहिणी पश्चिमेला कलली आहे.